साठ नव्वद

माझ्या थोरल्या जाऊबाईंना शिवण कधी कोणाला शिकवावं लागलं नाही, पण किंमत सांगायची वेळ आली की त्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. आमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दोघी शिवायला बसतो. मी मशीनवर पँटची उंची कमी कर, चेन बदल, उशांचे अभ्रे शिव असली कामं करते आणि त्या खाली सतरंजीवर बसून हाताने गोधड्या शिवतात. गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतं, "किती द्यायचे?" जाऊबाई हसतात आणि म्हणतात, "द्या काय द्यायचं ते."

मग लोक देतात काय द्यायचं ते. एकीने बाळाच्या दुपट्याबद्दल घरच्या झाडाची चार लिंबं दिली. दुसरीने मोठ्या गोधडीबद्दल प्रेशर कुकर दिला, तोही शिट्टी नसलेला. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. जाऊबाई मात्र मलाच समजावत होत्या, "जाऊ दे गं, हातासरशी तर झालं होतं." मान मोडून, डोळे फोडून शिवलेली गोधडी, आणि म्हणे हातासरशी.

भावोजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, शाळेची बस चालवतात. माणूस वाईट नाही, फक्त हिशेबी आहे. एके दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं की चष्म्याच्या दुकानात काम करणारा एक मुलगा खोली शोधतोय, तर पुढच्या एक तारखेपासून बाहेरची खोली त्याला देऊन टाकू. महिन्याला पाच हजार येतील. मशीन आणि कापडाची बोचकी जिन्याखाली ठेवता येतील. "छंद काय, कुठेही बसून करता येतो," असंही वर म्हणाले. मी ताटावरून उठणारच होते, पण आमच्या ह्यांनी टेबलाखालून माझा हात धरून ठेवला.

जिन्याखाली धड उजेड नाही आणि ताठ बसता येत नाही. तिथे गोधडी पसरणार कुठे? खोली गेली की जाऊबाईंचं शिवण संपलं, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं. तरी त्या मुकाट्याने सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतत होत्या. मला भावोजींपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

शेवटी मीच तोंड उघडलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये त्या रविवारी हाताने केलेल्या वस्तूंची विक्री होती आणि मी एक टेबल सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, "भावोजी, रविवारी एक जरी गोधडी पाच हजारांना गेली, तर खोली आमची. नाही गेली तर बोचकी आम्ही स्वतः जिन्याखाली नेऊन ठेवू."

"पाच हजारांची गोधडी?" भावोजींना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "चालेल. माझी काही हरकत नाही."

जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढत नेलं. "डोकंबिकं फिरलंय का तुझं? बाराशे म्हणजे डोक्यावरून पाणी. कापडाचे पैसे निघाले की पुरे."

यावर आमची चांगलीच जुंपली. भांडी घासून होईपर्यंत भांडलो आणि मग तडजोड झाली. तोंडाने सांगायला जमत नसेल तर त्यांनी किंमत लिहायची. प्रत्येक गोधडीला सेफ्टी पिनने चिठ्ठी टाचायची. आकडा त्यांचा, फक्त पाच हजारांच्या खाली नको. मी चिठ्ठीत डोकावणार नाही, टोकणार नाही, एक शब्द बोलणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

रविवारी सकाळी लवकरच निघालो. हॉल उघडायच्या आधीच आम्ही दारात हजर. टेबलावर मी माझे अभ्रे आणि बटव्यांची रास मांडली. मागे दोरी बांधून त्यावर दोन गोधड्या टाकल्या. निळी एका माणसापुरती होती. ती जुन्या शर्टांच्या बाह्यांतून झालेली, निळ्याच्या जितक्या म्हणून छटा असतात तितक्या सगळ्या तिच्यात, आणि वरून पांढऱ्या दोऱ्याचा बारीक धावदोरा. लाल-पिवळी मोठी होती, दोघांची. दोरीवर टाकल्यावर त्या अशा काही खुलल्या की मी दोन पावलं मागे जाऊन बघतच राहिले. घरात त्या नेहमी घडी करून किंवा मांडीवर गोळा झालेल्याच पाहिल्या होत्या. चिठ्ठ्या कोपऱ्यात टाचलेल्या होत्या. मी शब्दाला जागले आणि तिकडे पाठ केली.

लोक आले. गोधड्यांजवळ थांबले, हात फिरवला, एकमेकांना दाखवल्या. मग चिठ्ठी उचलून वाचली आणि पुढे गेले. एका नवऱ्याने चिठ्ठी वाचून बायकोला कोपराने असं काही ढोसलं की ती बिचारी अडखळलीच. एका बाईंनी तर हात मागे घेतला आणि "सॉरी हं, माझे हात स्वच्छ आहेत," असं म्हणून निघून गेल्या. माझे चार बटवे खपले, गोधड्यांची मात्र कोणी किंमतसुद्धा विचारीना. मनात म्हटलं, गेली खोली. जाऊबाई स्टुलावर बसून बोटांशी चाळा करत होत्या.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा मेणबत्तीवाला वाकून हळूच म्हणाला, "काकू, तुमच्याकडे नव्वद हजारांची गोधडी आहे म्हणे? चहाच्या तिथे सगळे तेच बोलतायत."

मी शब्द मोडला आणि लाल-पिवळीची चिठ्ठी उलटी करून पाहिली. जाऊबाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ९० १०८. मग धावत निळीकडे गेले. तिच्यावर होतं: ६० ९०.

"जाऊबाई, हे काय आहे?"

"माप."

"ते मला कळतंय हो. रुंदी साठ, लांबी नव्वद. किंमत कुठाय?"

"लिहिणारच होते गं," त्या खाली बघत म्हणाल्या. "म्हटलं, आधी माप लिहू. माप कसं, चुकायची भीती नाही. किमतीला पेन उचललं की हातच चालेना."

"आणि मधे 'बाय' लिहायला काय झालं होतं?"

"आपण कधी लिहितो का?"

हे मात्र खरं होतं. आम्ही कापडावर, भिंतीवर, पाठकोऱ्या कागदावर, जिथे मिळेल तिथे मापं लिहितो आणि दोन आकड्यांमध्ये नुसती जागा सोडतो. आम्हा दोघींना ते लगेच कळतं. बाकीच्या जगाला ते सहा हजार नव्वद दिसतात आणि दुसऱ्या गोधडीवर चक्क नव्वद हजार एकशे आठ. मला हसावं की रडावं कळेना. मी घाईघाईने पर्समध्ये पेन शोधायला लागले.

पेन हाताला लागायच्या आत एका उंच बाईंनी निळी गोधडी दोरीवरून काढली होती. आखूड केस, खांद्याला भाजीची पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातला प्रत्येक दुकानदार आपल्याला फसवायलाच बसलाय. त्यांनी गोधडी उलटी केली आणि आधी मागची बाजू पाहिली. ज्यांना शिवणातलं कळतं तेच लोक आधी मागची बाजू पाहतात. माझा पर्समधला हात तसाच राहिला.

"सहा हजार नव्वद," त्यांनी चिठ्ठी वाचली. "हे वरचे नव्वद कशाचे म्हणे?"

आम्ही दोघी गप्प.

"फार होतात. साडेचारला द्या."

जाऊबाईंचा आ वासलेला तसाच राहिला. साडेचार हजार हा आकडा त्यांच्या गोधडीबद्दल आजवर कोणी उच्चारला नव्हता. बाईंना वाटलं, ही पक्की आहे, भाव खाली आणत नाही.

"बरं, पाच घ्या."

पाच. सहज दाराकडे नजर गेली तर भावोजी आत येत होते, सामान न्यायला. ते थेट आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी 'पाच' ऐकलं, कारण त्यांची भुवई वर गेली. मी जाऊबाईंच्या पाठीत हळूच बोट खुपसलं की हो म्हणा. पण त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना.

"साडेपाच," बाई म्हणाल्या. आता त्यांनाच चेव चढला होता. मेणबत्तीवाला आपली गिऱ्हाइकं सोडून आमच्याकडे बघत उभा होता. "कमाल आहे, एक शब्द बोलत नाही ही बाई. बरं, तुमचंही राहू दे नि माझंही राहू दे. सहा हजार. वरचे नव्वद सोडायचे." आणि त्यांनी पाकीट उघडलं.

मी मनातल्या मनात खोलीला पडदेसुद्धा लावले. तेवढ्यात जाऊबाईंना कंठ फुटला.

"अहो ताई, ती किंमत नाहीये. माप आहे ते. साठ इंच रुंद, नव्वद इंच लांब."

मी कपाळावर हात मारला. भोवतीचे लोक हसायला लागले. मेणबत्तीवाला तर टेबलाला धरून हसत होता. भावोजी हसले नाहीत, हे मात्र मी पाहिलं. त्या बाईही आधी हसल्या आणि मग पाकीट बंद करून त्यांनी विचारलं, "मग किंमत किती?"

सगळे जाऊबाईंकडे बघायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांचे ओठ हलले आणि ते कशासाठी हलतायत हे मला नेमकं ठाऊक होतं. इतकी वर्षं ऐकलं होतं मी ते.

"द्या..." त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले.

"द्या जरा इकडे ती."

त्यांनी बाईंच्या हातातून गोधडी घेतली आणि माझे अभ्रे बाजूला सारून टेबलावर पसरली. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हात फिरवत त्या बोलायला लागल्या. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "अस्तर, आतला कापूस, दोरा. जुने शर्ट घरचे, त्याचे काही नाही. हे सगळं मिळून नऊशे. आता हाताचं. ही माझी जाऊ चेन बदलायला बसली तर तासाचे ऐंशी घेते. माझा हात काही तिच्याहून वाईट नाही. म्हणजे ऐंशीच धरू. कापायला, जुळवायला, कच्चे टाके घालायला पंधरा तास. धावदोऱ्याला साठ."

म्हणजे तास त्यांना पाठ होते. हातासरशी म्हणत होत्या आणि एकेक तास मनात जपून ठेवत होत्या.

त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि मग पुन्हा केला. स्वतःच दचकल्या. "सहा हजार नऊशे होतात," त्या म्हणाल्या.

मग त्या उंच बाई म्हणाल्या, "म्हणजे माप स्वस्त होतं."

असा काही हशा पिकला की हॉलच्या दुसऱ्या टोकाचे लोक काय झालं म्हणून बघायला आले. बाई मात्र हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मी सहा हजार म्हटलं होतं."

"ते तुम्ही मापाला म्हटलं होतं," जाऊबाई म्हणाल्या.

"काहीच कमी नाही होणार?"

"नाही."

मी टेबलाखाली त्यांचा हात धरला. बाईंनी पुन्हा एकदा गोधडीची मागची बाजू पाहिली, अंगठ्याने एक टाका दाबून पाहिला, दुसरा पाहिला. मग पाकीट उघडून नोटा मोजल्या आणि जाऊबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. "उद्या माझा मुलगा परगावी जातोय नोकरीला," असं जाता जाता म्हणाल्या. "तिथे थंडी फार आहे म्हणतात. त्याला सांगेन, सांभाळून वापर, पंचाहत्तर तासांची आहे."

त्या गेल्या आणि टेबलाभोवती नुसती झुंबड उडाली. लाल-पिवळीची खरी किंमत काय, ऑर्डर घेता का, घरच्या जुन्या कपड्यांची करून द्याल का. जाऊबाई प्रत्येकाला मोठीचे तास सांगत होत्या, बोटांवर मोजून, न अडखळता. मी इतकी खूश होते की एका गिऱ्हाइकाला दोन बटवे एकाच्या भावात देऊन बसले.

गर्दी ओसरल्यावर पाहिलं तर भावोजी भिंतीशी उभे राहून फोनवर बोलत होते. चष्म्याच्या दुकानातल्या त्या मुलाशी.

"नाही रे, खोली दिली गेली," ते म्हणत होते. "एका बाईंना. गोधड्या शिवतात. हो, भाडं परवडतं त्यांना, त्याची काळजी नाही. ओळखीच्या?" ते जरा थांबले आणि त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. "घरातच असतात आमच्या. पण माझी ओळख आजच झाली म्हण."

जाऊबाईंनी ते ऐकलं. पाठ फिरवून त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि नोटांची घडी माझ्या हातात दिली. मग भावोजींकडे वळल्या.

"भाड्याचं आधी बोलून घेऊ," त्या म्हणाल्या. "पाच जास्त होतात."