एका हाताचं अटोल

सासूबाईंनी फोनवर एकदाच ठणकावून सांगितलं होतं, "ज्या वर्षी माझ्या हातून मक्याचं अटोल होणार नाही, त्या वर्षी खुशाल घेऊन जा मला. तोवर हा विषय बंद."

"ठरलं," असं माझा नवरा बाल्मोरे म्हणाला होता.

मे महिन्यात अंगणात पाय घसरून त्या पडल्या, तेव्हापासून ह्याने धोशा लावला होता. आईनं चालातेनांगोच्या डोंगरातलं घर बंद करावं आणि आमच्याकडे शहरात, सोयापांगोला, तिसऱ्या मजल्यावर राहायला यावं. मायेपोटीच म्हणत होता, पण रोज म्हणत होता. त्या तिसऱ्या मजल्याचं नाव काढलं तरी सासूबाईंचा जीव गुदमरायचा. आणि खरं सांगते, माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरात त्या आणि मी, या कल्पनेनं माझाही.

ऑगस्टअखेर मक्याची कणसं कोवळ्या दाण्यांनी भरली, की सगळं गणगोत सासूबाईंच्या अंगणात अटोल, म्हणजे कोवळ्या मक्याची दाट गोड पेज, प्यायला जमतं. आम्ही आदल्या दिवशीच, शनिवारी पोचलो. रात्री पुपुसांचा, म्हणजे चीज भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्यांचा, बेत होता.

"आज सूनबाई थापणार," सासूबाईंनी जाहीर केलं.

मी चमकले. लग्न झाल्यापासून त्यांनी मला तव्याजवळ फिरकू दिलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. माझ्या पुपुसांचं पोट फुटतं आणि सगळं चीज तव्यावर पळतं. त्या रात्रीही पळालं.

"यानिरा, हे काय नकाशे केलेस?" बाल्मोरे म्हणाला आणि सहा नकाशे खाऊन उठला. त्याच्या पोटात पडलं की त्याला बाकी काही दिसत नाही.

मला मात्र दिसलं. सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा डाव्या हातानं उचलत होत्या. सकाळी त्या केस विंचरायला बसल्या, तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मी फणी काढून घेतली आणि विचारलं, "आई, कधीपासून?"

"पडले तेव्हापासून. त्याच्यापाशी एक शब्द काढलास तर याद राख."

"आणि अटोल?"

"बघू," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण आरशात त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या मनातली स्वयंपाकघराची चिंता त्या क्षणी मला फार हलकट वाटली. त्यांची वेणी घातली आणि मी गप्प बसायचं कबूल केलं.

आता आमच्याकडचा नेम सांगते. अटोलाच्या पातेल्यात उलथणं घालणारा हात एकच. सुरू केलं त्यानंच संपवायचं. मध्ये दुसऱ्या कुणी उलथणं धरलं, की अटोल फाटलंच. आणि ढवळणाऱ्याला पहिली वाटी मिळाल्याशिवाय कुणी तोंड लावायचं नाही. हे खरं की खोटं, कुणी करून पाहिलेलं नाही. एवढ्या माणसांचं अटोल पणाला लावणार कोण?

दहाच्या सुमाराला अंगण भरलं. कणसं सोलली, दाणे काढले, दळले, फडक्यातून गाळले. एकीकडे केळीच्या पानांवर रिग्वा, त्याच मक्याच्या गोड पोळ्या, भाजायला लागल्या. दूध, साखर, दालचिनी पडली आणि सासूबाईंनी ते वल्ह्याएवढं लाकडी उलथणं हातात घेतलं.

त्रान्सितो आत्या हाताची घडी घालून समोर उभ्या होत्या. ह्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, आणि कुंपणापलीकडच्या शेजारीण. सासरे गेले, पण ही भावजय-नणंद जोडी भांडतेच आहे. हल्लीचं कारण लोरोकोची वेल, जिच्या कळ्या पुपुसांत घालतात. तिचं मूळ इकडे आणि कळ्या तिकडे. दोघी अहो-जाहो करतच एकमेकींचा उद्धार करतात.

अटोल पातळ होतं तोवर निभलं. मग ते दाट व्हायला लागलं. उलथण्याचा वेग मंदावला. सासूबाईंच्या कपाळावर घाम आला, आणि तो चुलीचा नव्हता. बाल्मोरे रिग्वा खाता खाता थांबला.

"आई, जमतंय ना? की…"

"खा तू!"

उलथणं थांबलं. खरंच थांबलं. तेवढ्यात आत्या तरातरा पुढे आल्या आणि कडाडल्या, "वहिनी! माझ्या बाजूच्या कळ्या कुणी तोडल्या?"

"तुमची बाजू?" सासूबाईंना अचानक जोर आला. "मूळ कुणाच्या अंगणात आहे, वन्सं?"

"मूळ चाटायचंय का मला? पुपुसात मूळ घालता तुम्ही?"

असं ओरडत आत्यांनी सासूबाईंचा हात वरून गच्च पकडला. अंगणात एकच गलका झाला.

"आत्या, सोड!" बाल्मोरे ओरडला. "फाटेल ना!"

"मी उलथण्याला हात लावलाय का रे? डोळे फुटले का? तुझ्या आईचा हात धरलाय मी. तो धरायला मला कुणाची परवानगी नको!"

खरंच, उलथण्यावर हात एकच होता. त्या हातावर दुसरा होता. मी चुलीत लाकूड सारायला वाकले होते, म्हणून मला जवळून दिसलं. ढकलत होत्या आत्या, सासूबाईंचा हात नुसता बरोबर फिरत होता. आणि तोंडं? कोंबड्या झाल्या, पाण्याचा पाट झाला, सासऱ्यांच्या लग्नातली टोपी झाली. एक वाक्य संपलं की उलथणं एक फेरा जास्त फिरे. लोक हसून लोळत होते. अटोल पिवळंधमक झालं, बुडबुडे फोडायला लागलं, आणि फाटलं मात्र नाही.

"झालं," सासूबाई म्हणाल्या आणि मटकन बसल्या. आत्या हाताची पुन्हा घडी घालून चार पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या, जशा काही कधी आल्याच नव्हत्या.

मोर्रोच्या फळाच्या करवंट्यांत अटोल वाढायचं काम बाल्मोरेचं. त्यानं पहिली करवंटी भरली, आईच्या लोंबणाऱ्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि दुसरी भरली. एक आईच्या डाव्या हातात दिली. होय, डाव्या. दुसरी घेऊन आत्यांपुढे उभा राहिला.

"मला कशाला?" आत्या गुरकावल्या. "मी काय ढवळलं?"

"काही नाही. भांडलीस." "आत्या, इतकं जीव तोडून भांडणारं माणूस मी तिला सोयापांगोत कुठून आणू?"

आत्यांनी मान फिरवली. मी चुलीच्या धुरावर ढकलून डोळे पुसले.

"उद्या खांदा डॉक्टरांना दाखवायचा," तो आईला म्हणाला. "मग मी स्वतः इथे आणून सोडतो."

सासूबाईंनी एक घोट घेतला, आत्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वन्सं, खालच्या फांदीच्या कळ्या तुम्ही घेत चला."

"वरच्याही घेईन," आत्या म्हणाल्या आणि शेजारी येऊन बसल्या.