ठिगळ शाबूत

आमचे प्रोफेसर, म्हणजे माझा नवरा सुशांत, गंगेकाठच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या धावत उतरले आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "ठिगळ कुठंय?"

मी घोटाभर चिखलात उभी, नखशिखांत भिजलेली, दात वाजताहेत. शेजारी आमचे नावाडी काशीनाथचाचा. त्यांच्या नावेचं टोक तेवढं पाण्याबाहेर दिसत होतं. जरा वेळापूर्वी मी त्याच नावेत बसले होते, दुरुस्तीनंतरची पहिली फेरी म्हणून मोठ्या हौसेनं. एक मोटरबोट जवळून गेली, तिची लाट तळाला धडकली, पायाखाली काड्कन आवाज झाला आणि पाणी आत उसळलं. काठाजवळ होतो म्हणून वाचलो, नाहीतर काही खरं नव्हतं.

हे ठिगळ म्हणजे यांचं किती वर्षांचं वेड. ग्राफीन ऑक्साइड नावाची काळपट भुकटी असते. ती एपॉक्सीत, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट राळेत मिसळली की माल मजबूत होतो म्हणे, पण नुसती घातली तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात. म्हणून हे आधी तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करून तिला अमाइन नावाचे रेणू जोडतात. मग तिचा एकेक पापुद्रा एपॉक्सीत सुटा पसरतो आणि त्याला घट्ट धरून बसतो. जेवताना हेच, झोपताना हेच, माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. लॅबमधले तुकडे तुटता तुटेनात तेव्हा यांना हुरूप आला आणि चाचांच्या गळक्या नावेला ठिगळ लावून दिलं. तिच्याबरोबर त्यांच्या मुलाच्या, शिवरामच्या नावेलाही.

चाचांनी बुडी मारून तळाचा फाटून सुटलेला तुकडा वर आणला. भोवती फाटकं लाकूड, मध्ये काळं कुळकुळीत ठिगळ. यांनी तो हातात घेतला, शर्टानं पुसला, उलटा केला, सुलटा केला. चेहरा नुसता फुलला होता. "बघ, केसभरसुद्धा चीर नाही. लाकूड फाटलं, प्रमोदिनी, पण ठिगळ शाबूत!"

इतका संताप मला जन्मात आला नव्हता. मी म्हटलं, "अहो, मी नावेत होते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायरीवर उभी राहून फोटो काढतेय असंच हे धरून चालले होते, कारण मला तसं बजावलं होतं ना! ओली साडी आत्ता दिसली. चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग त्यांनी तुकड्याकडे पुन्हा पाहिलं, पण या खेपेला लाकडाकडे. वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेली फळी, बोटानं दाबली तर भुसभुशीत. ठिगळ दगडासारखं, ते वाकेना. लाटेचा सगळा ताण त्याच्या कडेला आला आणि फळी तिथंच फाटली. लॅबमध्ये आम्ही नेहमी नव्या, कोरड्या सागावर लावून बघायचो, असं हे पुटपुटले. मी हादरलेच. एवढे शिकलेले लोक, आणि एकालाही जुनी फळी मागवायचं सुचू नये?

आता चाचा म्हणाले, "मास्टर साहब, शिवराम की नाव भी तो पुरानी है।"

शिवराम सकाळीच प्रवासी घेऊन गेला होता. फोन लावला, नुसताच वाजत राहिला. आम्ही मिळेल त्या मोटरबोटीत चढलो. यांनी माझा हात धरला होता. चाचा पुढं बघत होते.

अहिल्याबाई घाटासमोर, ऐन धारेत ती नाव दिसली. गच्च भरलेली, बायका, पोरं, सगळी दाटीवाटीनं बसलेली. पलीकडून एक मोठी बोट येत होती. घरी भाजीवाल्याला हाक मारायला लाजणारा माझा नवरा ताडकन उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला, नाव काठाला घे म्हणून. शिवरामला वाटलं आम्ही हात हलवतोय. त्यानंही हसून हात हलवला. बाई गं, मला भोवळ यायची बाकी होती! शेवटी चाचांनी हात तोंडाशी नेऊन आपली हाळी दिली. बापाची हाळी ऐकल्याबरोबर त्यानं नाव वळवली. काठाला लागते न लागते तोच मागून लाट आली.

प्रवासी कुरकुरत उतरले. शिवराम मात्र खुशीत होता. "एक बूँद पानी नहीं आया, मास्टर साहब। मैंने सबको आपका नाम बता दिया है।"

यांनी तळावरचं फळकूट उचललं. त्याच्यावर आत्ताच दोन पोरी बसून लाह्या खात होत्या. खाली ठिगळ चकाकत होतं, आणि त्याच्या भोवती लाकडात चीर गेली होती, जवळजवळ पूर्ण वेढा घालून. यांनी अंगठ्यानं दाबलं. पाणी वर आलं.

हे तिथंच मटकन बसले आणि सगळ्यांदेखत रडायला लागले. शिवराम कावराबावरा होऊन माझ्याकडे बघायला लागला. "भाभी, साहब को क्या हुआ?"

चाचांनी त्याचं मनगट धरून त्याला खाली वाकवलं आणि त्याचं बोट त्या चिरेत ठेवलं.