ज्याचे कुलूप त्यानेच काढावे

कारखान्यात सगळे त्यांना 'कुलूपवाले' म्हणत. तिथला नियम असा, की यंत्राची दुरुस्ती ज्याने हाती घेतली त्याने मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावायचे, आपली पाटी अडकवायची आणि काम संपले की कुलूप स्वतःच काढायचे. दुसऱ्या कोणी, अगदी व्यवस्थापकानेही, त्याला हात लावायचा नाही. एकदा हे गृहस्थ किल्ली खिशात घालून घरी गेले आणि ते परत येईपर्यंत प्रेस दीड तास तोंड मिटून उभा राहिला. तेव्हापासून हे नाव चिकटले ते कायमचे.

गेल्या सोमवारी त्यांच्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली. मंगळवारी सकाळी ते पगार विभागात हजर झाले.

"बाई, या महिन्यापासून माझी ती कपात बंद करा. मुलगी सज्ञान झाली."

कारकून बाईंनी चष्मा वर सरकवला. "काका, कपात मी माझ्या मनानं सुरू केली होती का? कोर्टाच्या पत्रानं सुरू झाली, कोर्टाच्या पत्रानंच थांबेल. बसा, फाइल बघते."

ते बसले नाहीत. घटस्फोटाला बारा वर्षे झाली होती. मुलीच्या पोषणाची रक्कम तेव्हापासून दर महिन्याला पगारातून परस्पर जात होती. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण भट्टीच्या शिडीने गुडघ्यांची वाट लावली होती आणि डॉक्टरांनी शिडी बंद म्हणून सांगितले होते. भांडारातली बसून काम करण्याची जागा शनिवारपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. तिथला पगार कमी. कपात थांबली तर भागणार, नाही तर खोलीचे भाडेही निघणार नाही.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, आणि त्यापुढे शिक्षण चालू असल्यास ते पूर्ण होईपर्यंत. हा दुसरा भाग हातानं लिहिलाय, शेजारी सही आहे. काका, ही तुमचीच ना?"

अक्षर नकाशावर मापे लिहावीत तसे उभे आणि सुटे होते. त्यांचेच.

मग सगळे आठवले. कोर्टाच्या व्हरांड्यात मेहुणा मुद्दाम ऐकू जाईल असे म्हणाला होता, "अठरा भरू देत, हा पाठ फिरवतो की नाही बघा." त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वकीलसाहेब, द्या तो तडजोडीचा कागद इकडे. मीच लिहितो." बारा वर्षांत तो मेहुण्याचा टोमणा लक्षात राहिला, अठराचा आकडा लक्षात राहिला. रागाच्या भरात लिहिलेली ओळ तेवढी विसरली.

"शिकतेय का ती?" बाईंनी विचारले.

"तंत्रनिकेतनात. तीन वर्षांची पदविका, यंदाच सुरू झालीय." हे सांगताना आवाजात अभिमान आलाच. प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी स्वतःची कंपासपेटी तिला दिली होती.

"मग मुलीनं लिहून द्यायला हवं, की आता गरज नाही. तेवढं जोडून कोर्टात अर्ज करा, काम होईल."

त्यांनी मुलीकडे काही मागितले नाही. फोनवर फक्त काय घडले ते सांगितले. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती फाटकापाशी उभी दिसली, हातात घडी घातलेला कागद.

"सही केलीय, बाबा. वाचू नका, नुसता जोडा."

न वाचता कागद पुढे सरकवणे त्यांच्या रक्तातच नव्हते. 'मी शिक्षण सोडले असून नोकरी करीत आहे.'

"कधी सोडलंस?"

"सोमवारपासून सोडणार. दुकानात काम बघितलंय. पुढच्या वर्षी परत घेईन की प्रवेश."

"पुढच्या वर्षी?"

"असं बघू नका हो! आई पण असंच बघते. तुम्ही शिडीवरून पडलात तर मला ती पदविका काय कामाची?"

तिचे म्हणणे खरे होते आणि कागद खोटा होता. कागद खिशात टाकला की सुटका. दोन दिवसांनी आपण भांडारातल्या खुर्चीवर, आणि ही दुकानात. मनाने क्षणभर ती खुर्ची बघितली, पाठीला टेकण असलेली. हातसुद्धा खिशाकडे गेला.

मग त्यांनी कागद तिच्या वहीत ठेवून दिला.

"कुलूप माझं आहे," ते म्हणाले. "तू कशाला हात लावतेस?"

"पण बाबा, किल्ली तर माझ्याकडे..."

"जा. तास चुकेल तुझा."

ती गेली. कोपऱ्यावर दोनदा वळून तिने पाहिले. ते आत निघून जाण्याची वाट पाहत असावी. ते गेले नाहीत. गुडघा आखडला होता.

शनिवारी भांडारातली जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच दुपारी भट्टीचा पंखा बिघडला. कुलूपवाल्यांनी मुख्य स्विच बंद केला, कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि पाटी अडकवली.

"कामाला किती वेळ धरू?" फोरमनने विचारले.

"तीन वर्षं."

"काय?"

"तीन तास," ते म्हणाले आणि दुखरा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवला.