अरबाब मानत नाही

कतारच्या दोह्यात घर भाड्याने हवं असेल, तर माणसाआधी त्याचं चेकबुक पाहतात. वर्षभराच्या भाड्याचे बारा चेक पुढच्या तारखा घालून आधीच द्यायचे, मग चावी. ज्याचा एखादा चेक न वटता परत गेला, त्याला बँक नवं चेकबुक देताना हात आखडते. मग त्याने राहायचं कुठे, याचं उत्तर द्यायला कोणी बांधील नाही.

उमैर हा व्यवहार सतरा वर्षं सांभाळत होता. तिथल्या अल हिलाल भागातल्या एका वृद्ध कतारी मालकाच्या तीन इमारतींचा तो कारकून. दापोलीचा, पाच वेळचा नमाजी, कोणाचा पैसा न बुडवणारा. मालकाला सगळे अरबाब म्हणत. भाडेकरू निवडायचं काम अरबाबने उमैरवरच सोपवलं होतं.

त्याच्याकडे तबिश आला. गाव खेड, म्हणजे शेजारचाच. त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान होतं. एका कंत्राटदाराने बिलं थकवली, तबिशचे दोन चेक परत गेले आणि दुकान बुडालं. दोन वर्षांत त्याने सगळं देणं फेडलं, बँकेकडून तसं पत्र घेतलं, हॉटेलात नोकरी धरली; चेकबुक मात्र मिळालं नव्हतं. आता राहती इमारत पाडायला काढली होती. महिनाअखेर नवा भाडेकरार दाखवता आला नाही, तर बायको जन्नत आणि मुलगी रिदा यांचा व्हिसा अडणार होता. रिदा दहावीला होती.

उमैरकडे दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दोन महिने रिकामा पडला होता. तबिश तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, रोख द्यायला तयार होता. उमैरने पत्र वाचलं, करक, म्हणजे तिथला दाट दुधाचा कडक चहा मागवला आणि म्हणाला, "माझ्या हातात असतं तर आजच चावी दिली असती रे. अरबाब मानत नाही."

आठवड्याने तबिश परत आला, तेच ऐकून गेला. तिसऱ्या खेपेला जन्नतही सोबत होती, हातात रिदाच्या शाळेचे कागद होते. पुन्हा चहा, पुन्हा तेच. जुम्म्याच्या नमाजनंतर पार्किंगमध्ये कोणी म्हणालं, "तबिशचा चेक म्हणजे रबरी चेंडू, टाकला की परत." सगळ्यांबरोबर उमैरही हसला. आपण वेळीच सावध राहिलो, याचं त्याला बरंच वाटलं.

चार दिवसांनी जेवताना त्याची बायको सुगरा म्हणाली की जन्नत घरातलं सामान विकतेय, शिलाई मशीनसुद्धा.

"अरबाब का नाही म्हणाले?" तिने विचारलं.

चेक नाहीत म्हणून, उमैर म्हणाला.

"ते तुमचं कारण झालं. त्यांना विचारलंत कधी?"

उमैर भाकरी मोडत राहिला.

"म्हणजे 'नाही' तुम्ही म्हणालात, आणि नाव त्या म्हाताऱ्याचं. तबिश भाडं बुडवेल अशी भीती वाटत होती, तर तसं तोंडावर सांगायचं. त्याने वेळीच दुसरं दार ठोठावलं असतं. तुम्ही चहा पाजून त्याला ताटकळत ठेवलंत."

सकाळी उमैर तबिशचं पत्र घेऊन अरबाबच्या मजलिसमध्ये, त्याच्या बैठकीच्या खोलीत गेला. अरबाबने पत्र हातातही घेतलं नाही. "तू त्याला ओळखतोस ना? मग दे. मला वाटत होतं, तो फ्लॅट बघायला कोणी येतच नाही."

सतरा वर्षांत या माणसाच्या नावावर आपण किती जणांना परत पाठवलं! उमैरला मोजवेना.

त्याने तिथूनच तबिशला फोन लावला.

"परवाच दोघींना विमानात बसवलं," तबिश म्हणाला. "रिदाचं वर्ष गेलं. मला आता एक पलंग पुरतो, इथेच चौघांच्या खोलीत मिळालाय. अरबाब मानले वाटतं?"

"मी त्यांना विचारलंच नव्हतं, तबिश."

"ठाऊक होतं, उमैरभाई. दुसऱ्या खेपेलाच कळलं. तुमची लाज राहावी म्हणून बोललो नाही."

त्यानंतर उमैरने अरबाबचं नाव पुढे करणं सोडलं. देणं फेडल्याचं पत्र घेऊन कोणी आलं, की तो त्याला थेट मजलिसमध्ये नेतो. नकार द्यायचा झालाच, तर स्वतःच्या तोंडाने देतो. पण त्याने रिदाचं वर्ष परत येत नाही.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या पाठीशी असा एखादा अरबाब असतो. कुठे तो साहेब असतो, कुठे सोसायटी, कुठे नुसता नियम. पडून उठलेल्या माणसाला दार लावण्याआधी त्या अरबाबला खरोखर विचारा. आणि लावायचंच असेल, तर दारावरचा हात आपला आहे, एवढं तरी कबूल करा.