न किडणारी चवळी

बियाणे संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत बाईंनी चाचणीची बरणी पांढऱ्या ताटलीत उपडी केली आणि चवळीच्या दाण्यांवर भिंग धरलं. पहिल्याच दाण्याला गोल, स्वच्छ भोक. दुसऱ्यालाही. तिसऱ्यातून एक भुंगेरा खुशाल डोकं बाहेर काढून बसला होता, भाडं भरलेल्या बिऱ्हाडकरूसारखा.

हे व्हायलाच नको होतं. या वाणाच्या दाण्यात शिरलेली अळी आतच मरायची. त्यापायी बाईंनी चौदा वर्षं हाडाची काडं केली होती. नातीला शेंगेत घालून दिलं असतं तर सूनबाईंनी तिच्याकडे जरा जास्त बघितलं असतं, असं बाईंच्या सासूबाई येईल त्याला सांगत. आता तीनशे पोती गोदामात भरून तयार होती. उद्या ती गावोगाव जायची होती आणि ती किडत नसल्याचा दाखला बाईंच्या सहीसाठी टेबलावर पडला होता.

बरणीवरची चिठ्ठीच चुकली असणार, म्हणून त्यांनी मामांना बोलावलं. चाचणीचे किडे सांभाळायचं काम मामांचं, तेही बाई इथे लागायच्या आधीपासून. चिठ्ठी बरोबर होती. चाचणी संपली की सगळं भट्टीत टाकायचं, हा नियमही मामांना पाठ होता. पण दर खेपेला शंभरात दोन-चार भुंगेरे जगायचे. मामा ते वेचून वेगळ्या बरणीत ठेवायचे आणि महिन्याच्या महिन्याला याच चवळीचे ताजे दाणे घालायचे. ही तीच बरणी. असं दोन वर्षं चाललं होतं. आता शंभरात मरणारेच दोन-चार उरले होते.

"एवढ्यातून वाचलेले जीव," मामा म्हणाले. "हात धजेना, बाई."

बाईंना संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं. गोदामांमधून किडे या चवळीला आज ना उद्या आपोआप सरावलेच असते. पण त्याला दहा वर्षं लागली असती, आणि दहा वर्षं लोकांच्या घरात चवळी धड राहिली असती. तेवढी तरी का घालवायची? किडे या एका बरणीत होते आणि बरणी त्यांच्या हातात होती.

"ही आत्ता भट्टीत टाका," त्या म्हणाल्या. "आणि कुठे बोलू नका."

मामा मान खाली घालून बरणी घेऊन गेले. बाईंनी सही केली. स्वतःची लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला.

मामा परत आले तेव्हा कागद आवरता आवरता बाईंनी विचारलं, "दर महिन्याचं जुनं, पोखरलेलं बी तरी भट्टीत टाकत होता ना?"

"ते कशाला जाळायचं? आत एखादी अळी असायचीच. कबुतरं आवडीनं खातात."

"कुठे घालत होता?"

"गोदामाच्या दारात. तिथंच बसलेली असतात ना ती."

बाईंनी दाखल्यावरच्या सहीवरून बोट फिरवून पाहिलं. शाई वाळली होती.