हुहाना आत्यापुढचं गाऱ्हाणं

उद्या सकाळी दहा वाजता दोन तासांवरच्या गिझबर्नच्या कोर्टात तारीख आणि अकरा वाजता इथे गावात हुहाना आत्याची माती. मेरेआना आत्याची भाची, आणि कोर्टात घरच्यांची वकीलही तीच.

नदीकाठच्या ज्या जमिनीत तिचे आजे-पणजे पुरलेले, ती लाकडाची एक कंपनी पन्नास वर्षांच्या पट्ट्यानं मागत होती. त्या जमिनीवरूनच आत्याचा आणि तिच्या सख्ख्या भावाचा, तामातीकाकांचा, अकरा वर्षं अबोला. गेल्या साली काकांनी रागाच्या भरात संमतीची सही ठोकली. आता ती त्यांनीच जजसाहेबांसमोर, स्वतःच्या तोंडानं मागे घ्यायची, नाहीतर जमीन गेलीच म्हणायची. तारीख दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

काका समोरच होते, मयत ठेवलेल्या सभाघराच्या भिंतीला टेकून. पण मयत घरात असताना जिवंत माणसाशी जमिनीची बोलणी? छे! वकील असली म्हणून काय झालं, म्हाताऱ्यांनी तिला हाकलून दिलं असतं, आणि बरंच केलं असतं.

मयताशी मात्र त्यांच्या रीतीत काहीही बोलायची मुभा. रडा, भांडा, शिव्या घाला.

मेरेआना उघड्या शवपेटीजवळ सरकली. काकांना ऐकू जावं म्हणून आवाज तिनं मुद्दाम चढवला.

"काय गं आत्या, बरी सटकलीस! उद्या दहाला तुझ्या आईच्या थडग्याचा निकाल. ज्यानं सही केली त्यानंच नाही म्हणायचं. मी कुणाच्या पाया पडू, सांग ना!"

बायकांचं रडणं थांबलं. काकांनी मान वर केली नाही. मेरेआनाला वाटलं, संपलं सगळं.

मग काका काठी टेकत उठले, पेटीच्या पलीकडे येऊन बसले. मेरेआनाकडे बघितलंसुद्धा नाही.

"हुहाना, तुझी ही भाची मढ्यापुढेही वकिलीच करते बघ." त्यांनी बहिणीच्या गार गालावर हात ठेवला. "अकरा वर्षं तुझ्या दारी आलो नाही. वाटलं होतं, निदान खांदा देईन. तेही नशिबात नाही. ओरडू नकोस, तुझ्याच कामाला चाललोय."

मेरेआनाच्या डोळ्यांना धार लागली. जमिनीपायी तिनं म्हाताऱ्याला बहिणीच्या मातीला मुकवलं होतं.

"हुहाना," काका म्हणाले, "हिला विचार, गाडी किती वाजता काढणार?"

"आत्या," मेरेआना कशीबशी म्हणाली, "साडेसातला म्हणावं."