एकेक खिळा

"अहो साडूभाऊ, खिळा मारताय की त्याची समजूत काढताय?"

खोकी ठोकणारा अख्खा कारखाना खदखदून हसला. बोलणाऱ्याचा हात इतका भराभर चाले की त्याला सगळे मशीन म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. शेजारच्या टेबलावर त्याच्या बायकोच्या बहिणीचा नवरा काम करायचा. गोगलगाय नुसती! असल्या माणसाशी नातं सांगायचीही मशीनला लाज वाटे.

मुकादमाने सगळ्या नेलगनना, म्हणजे खिळे मारायच्या बंदुकांना, नवे ट्रिगर बसवले होते. आधी गनचं तोंड लाकडावर दाबायचं, मग ट्रिगर ओढायचा, की एक खिळा. दुसऱ्यासाठी बोट सोडून पुन्हा पहिल्यापासून. जुन्या ट्रिगरवर बोट दाबून ठेवलं की तोंड टेकेल तिथे खिळा, धडाधड. नवा ट्रिगर नेभळटांसाठी, असं म्हणत मशीनने आपल्या गनला गुपचूप जुनाच लावून घेतला.

दुपारी साडूची गन अडकली.

"ही घ्या माझी. झोपू नका म्हणजे झालं," म्हणत मशीनने आपली गन त्याच्या हातात कोंबली आणि तो पाणी प्यायला गेला. नव्या ट्रिगरच्या भरवशावर साडू बोट तसंच दाबून ठेवून खोक्याला वळसा घालत होता. गनचं तोंड त्याच्याच गुडघ्याला टेकलं.

सगळे त्याला उचलून बाहेर धावले, तेवढ्यात मशीनने गनचा जुना ट्रिगर काढून नवा बसवला. तिथेही त्याचा हात भराभर चालला.

संध्याकाळी मुकादम हॉस्पिटलात आला तो गन तपासूनच. गुडघा आता वाकणार नाही, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते.

"नव्या ट्रिगरने चुकून खिळा सुटत नाही," मुकादम म्हणाला. "भरपाईसाठी स्वतःच मारून घेतलास ना? शी!"

साडूने मशीनकडे पाहिलं. मशीन खिडकीबाहेर बघत होता. मुकादम नाक मुरडून निघून गेला.

"द्या इकडे," साडू म्हणाला.

"काय?"

"खिशात आहे ते."

मशीनने जुना ट्रिगर त्याच्या तळहातावर ठेवला. "साडूभाऊ... सांगणार मुकादमाला?"

"सांगितलं तर तुमची नोकरी जाईल आणि माझी मेहुणी उघड्यावर पडेल. तिच्यासाठी गप्प बसतोय. तुमची तेवढी लायकी नाही."

साडूने ट्रिगर कॉटशेजारच्या डब्यात, रक्ताच्या कापसात टाकून दिला. त्याची उशी घसरली होती. मशीनने हात पुढे केला.

"राहू द्या," साडू म्हणाला, आणि एका हाताने, सावकाश, उशी आपली आपणच सरळ करत राहिला.